बारा दगडांची एकच चूक

१

सातवा दगड पाण्यात उतरला. काट्यावर ३१२ ग्रॅम हा आकडा येऊन स्थिर झाला, तेव्हा डॉ. जया पाटणकर यांनी पेनाला टोपण लावलं. भूमिका राऊतच्या प्रबंधात याच दगडापुढे ३२२ लिहिलेलं होतं.

पहिल्या सहा दगडांनीही असाच दगा दिला होता, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरलेल्या पाचांनीही दिला. बाराच्या बारा दगड पाण्यात हलके भरले.

नागपुरातल्या त्या लहानशा पाषाण संशोधन केंद्रात भूमिका तीन वर्षं एकच काम करत होती. आपल्या पायाखालचा काळा दगड कधीकाळी उकळता रस होता. त्या रसातला वायू बाहेर पडायच्या आत तो थिजला, तर दगडात बुडबुडे अडकून राहतात. असे किती बुडबुडे अडकले, यावरून तो रस भडका उडवत आला की संथपणे वाहत आला, ते कळतं. मोजायची रीत साधी. दगडावर पातळ पारदर्शक लेप द्यायचा, म्हणजे आतल्या पोकळीत पाणी शिरत नाही. मग तो एकदा कोरडा तोलायचा, एकदा दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. पाण्यात वजन जितकं घटतं, तितकं त्याचं आकारमान. त्यावरून घनता, आणि घनतेवरून बुडबुडे.

शहराबाहेरच्या एका खाणीतल्या थराबद्दल केंद्राचे प्रमुख डॉ. देशकर यांनी वीस वर्षांपूर्वी छापलं होतं, की त्यात शंभरात सतरा भाग बुडबुडे आहेत. ते देशकर भूमिकाचे मार्गदर्शकही होते. भूमिकाचं उत्तर तेरा आलं. गुरूचा आकडा शिष्येने खोडला, म्हणून पडताळणीला पुण्याहून जयाबाई आल्या, आणि त्यांच्या मोजणीत बरोबर सतरा निघाले.

जयाबाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. कोरडं वजन बाराही दगडांचं प्रबंधाशी जुळतं, तेव्हा दगड तेच आहेत, असं त्या म्हणाल्या. काटा आणि पाणी तपासायला चहाच्या आधी पोलादाचा तुकडा तोलला होता, त्याची घनता बिनचूक आली. राहिली एकच शक्यता.

"हे आकडे मोजलेले नाहीत, भूमिका. बनवलेले आहेत," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी मी अहवाल पाठवणार. तोवर काही सांगायचं असेल तर सांग. सोबत एक माणूस आणायची मुभा आहे."

तो दिवस मंगळवार होता.

२

नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत धम्मानंद गजभिये यांच्या घरी वरच्या खोलीत भूमिका भाड्याने राहायची. गजभिये वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची सारी नोकरी तराजू, लिटरची मापं आणि कापडाचे गज तपासण्यात गेली होती. गांधीबागेतल्या जुन्या दुकानदारांना त्यांची सायकल लांबून ओळखू यायची.

बुधवारी सकाळी भूमिका बॅग घेऊन जिना उतरली, तेव्हा ते अंगणात पेपर वाचत होते. गावी जायला काटोलची बस किती वाजता आहे, एवढंच तिने विचारलं. तिचा चेहरा पाहून त्यांनी पेपरची घडी केली.

"काहून चालली वं मधातच?"

तिने सगळं सांगितलं.  ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, की आपल्याला दगडातलं काही कळत नाही, पण वजनाची गोष्ट आहे तर दोन्ही कागद दाखव. एक तुझा, एक त्या बाईंचा.

दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडायला सुरुवात केली. चहा आला, निवला. मग त्यांनी तिला जवळ बसवलं.

"हा सातवा पाह्य. कोरडा पाचशे बावीस. तुह्या पाण्यात घट आली दोनशे, बाईच्या पाण्यात दोनशे दहा. आता हा तिसरा. तुही घट एकशे साठ, बाईची एकशे अडुसष्ट. अन् हा नववा. दोनशे चाळीस, दोनशे बावन्न. काही दिसून राहिलं का?"

भूमिका वाकली. तिने तीनही ओळी पुन्हा वाचल्या. मग पेन्सिल त्यांच्या हातातून घेऊन तिने उरलेल्या नऊ दगडांचा हिशोब भराभर केला. जयाबाईंकडे प्रत्येक दगडाची घट तिच्या मोजणीपेक्षा शंभराला पाचने जास्त होती. एकाही दगडाचा अपवाद नव्हता.

मन मानेल तसे आकडे लिहिले असते, तर चूक कुठे कमी, कुठे जास्त झाली असती, गजभिये म्हणाले. हातून खोटं इतकं एकसारखं निघत नाही. तिने विचार करत पुढे जोडलं, की दगडावरचा लेप फुटून पाणी आत शिरलं असतं, तर जास्त बुडबुड्यांचा दगड जास्त चुकला असता आणि भरीव दगड कमी. शिवाय घट वाढली नसती, उलट कमी झाली असती. काटा बिघडला असता तर कोरडं वजनही चुकलं असतं.

"एका दुकानात सगळ्याच गिऱ्हाइकांले सारखंच कमी भेटत होतं," गजभिये म्हणाले. "मी कापड पाहत बसलो नाही. गज मोजला. दोष मालात नसला का मापात असते. इथं तुमचं माप काय आहे?"

भूमिकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. काटा खरा. दगड खरे. मग मापायला उरलं तरी काय?

"पाणी," ती म्हणाली. "काका, ते पाणी नव्हतं."

बॅग अंगणातच राहिली.

३

वाटेत ऑटोत ती अखंड बोलत होती. पाण्यापेक्षा जड द्रवात दगड टाकला तर तो जास्त उचलला जातो, काट्यावर हलका भरतो, म्हणजे हिशोबात बुडबुडे फुगतात. गरम-थंड पाण्याने एवढा फरक पडत नाही, आणि गरम पाणी तर उलट हलकं होतं. पण चहाच्या आधी पोलादाचा तुकडा बरोबर आला होता, हे कोडं तिला सुटत नव्हतं.

ते सुटलं गोविंदापाशी. गोविंदा उईके केंद्रात तेवीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होता. आधी तो घाबरला. आपल्यावर काही येतं की काय, असं त्याला वाटलं. गजभियेंनी त्याला बाकावर बसवून, टाकीत पाणी कोण भरतं, कधी भरतं, एवढंच विचारलं.

त्याने सांगितलं ते असं. पोलादाचा तुकडा गंजू नये म्हणून त्याला तेल लावून ठेवतात. तो तोलला की पाण्यावर तवंग येतो. म्हणून नेहमीच तो काढल्यावर टाकी रिकामी करायची, पुसायची आणि नवं पाणी भरायचं. मंगळवारी तुकडा तोलला तो टाकीतल्या आदल्या दिवशीच्या पाण्यात, आणि साहेब लोक चहाला गेले तेव्हा त्याने नेहमीसारखं तेच केलं. शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन सकाळी नऊला येतो आणि व्हरांड्यात दाराशी ठेवलेला असतो. तोच त्याने ओतला.

"नऊ ते अकरा कॅनपाशी कोण होतं गा?" गजभियेंनी विचारलं.

"कोणीच नव्हतं साहेब, अन् सगळेच होते. व्हरांडा आहे तो."

टाकीतलं पाणी त्याने त्याच संध्याकाळी सांडून दिलं होतं. कॅन रिकामा होऊन परत गेला होता. भूमिकाचे खांदे पडले. आता सिद्ध काय करणार?

गजभिये मात्र दगडांच्या ट्रेकडे गेले होते. मंगळवारपासून दगड तिथेच वाळत पडले होते. त्यांनी सातवा दगड उजेडात धरून फिरवला आणि त्याच्या खळग्यांमध्ये हे पांढरं काय आहे, असं विचारलं.

भूमिका म्हणाली, ते काही नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडात बुडबुड्यांच्या पोकळीत पांढरी खनिजं साचतातच, लाखो वर्षांत. बोलता बोलता ती ट्रेपाशी आली आणि तिने दगड हातात घेतला. अंगठ्याने तिने तो पांढरा कण चाचपला. तो निघून तिच्या बोटाला लागला.

खनिज असतं तर लेपाच्या खाली असायला हवं होतं. हे लेपाच्या वर होतं.

गजभियेंनी सरळ दगड उचलून जिभेला लावला. गोविंदा बघतच राहिला. मग त्यांनी दगड भूमिकापुढे धरला. तिनेही जीभ टेकवली.

मीठ.

तिला एकदम हसू आलं आणि डोळेही भरून आले. मंगळवारपासून पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं. पण गजभियेंचा चेहरा गंभीर होता.

"आनंद नंतर," ते म्हणाले. "कॅनमध्ये मूठभर मीठ टाकलं असतं तर उत्तर कसंही आलं असतं. हे बरोबर सतरावर आलं. म्हणजे ज्यानं टाकलं, त्यानं आधी हिशोब केला. तुहे तेरा आहेत हे त्याले माहीत होतं, अन् सतरा पाहिजे हेही. पडताळणीच्या आधी तुहे आकडे कोणाकोणाजवळ होते?"

भूमिकाचं हसू मावळलं. पडताळणी करणाऱ्या जयाबाई सोडल्या तर दोघांजवळ, ती म्हणाली. मार्गदर्शक म्हणून देशकर सरांजवळ. आणि अमोलजवळ.

४

अमोल तिडके तिच्या एक वर्ष पुढे होता. त्याला पदवी मिळाली होती, बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीही लागली होती, आणि कायम व्हायला चार महिने उरले होते. मंगळवारी तो रजा घेऊन मदतीला आला होता. प्रबंधाचे तक्ते तपासून देण्याची विनंती भूमिकानेच त्याला केली होती.

त्याच्याशी बोलताना गजभियेंना तो चांगला वाटला. त्याने भूमिकाची बाजू घेतली. ती प्रामाणिक आहे, असं तो म्हणाला. घाईत दगड नीट वाळवले नसतील, एखादी चूक कोणाकडूनही होते, समितीने तिला सहा महिने देऊन पुन्हा मोजायला सांगावं. देशकर सरांबद्दल विचारलं तेव्हा तो जरा थांबला. सरांना सतरा हा आकडा फार प्रिय आहे, एवढंच त्याने सांगितलं.

केंद्रात ते सगळ्यांनाच माहीत होतं. देशकरांचं नाव झालं ते त्या आकड्यामुळे. तो पडला तर निवृत्तीच्या तोंडावर त्यांची वीस वर्षं पडणार होती. मंगळवारी सतरा आले तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते, शिष्येच्या बाजूने एक शब्दही बोलले नव्हते. भूमिकाने हे पाहिलं होतं. ते तिला मिठापेक्षा जास्त झोंबत होतं.

गुरुवारी सकाळी दोघं त्यांच्या खोलीत गेले. गजभियेंनी आडपडदा ठेवला नाही. पाण्यात मीठ होतं, ते हिशोबाने टाकलेलं होतं, आणि हिशोब करायला लागणारे आकडे फक्त तुमच्याजवळ आणि अमोलजवळ होते, असं त्यांनी सांगितलं.

 "मीठ," देशकर स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी कपाटातून एक मळकी वही काढली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते एकटेच खाणीवर गेले होते. भूमिकाचं काम ज्या दिशेने चाललं होतं, त्याने त्यांची झोप उडाली होती. तिथे उभं राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की वीस वर्षांपूर्वी त्यांनी दगड घेतले ते सगळे थराच्या माथ्यावरचे होते. बुडबुडे वर चढतात, माथ्याशी गर्दी करतात. त्यांनी मधले आणि तळाचे दगड फोडून आणले, घरी तोलले. वहीत उत्तर होतं: तेरा पूर्णांक दोन.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही सर?"

"मी आधी सांगितलं असतं, तर तू मोजलंस काय आणि न मोजलंस काय. लोक म्हणाले असते, गाईडने उत्तर दिलं." त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. ज्या नियतकालिकात सतरा छापून आले होते, त्याच्या संपादकांना पाठवलेलं पत्र पडद्यावर होतं. माझा आकडा चुकीचा आहे, दुरुस्ती छापावी. तारीख पंचवीस दिवसांपूर्वीची होती.

"मंगळवारी सतरा आले आणि मला आनंद झाला," ते हळूच म्हणाले. "एक क्षणच. पण झाला. त्याची लाज वाटली म्हणून तुझ्याकडे बघता आलं नाही."

भूमिकाने वही मिटून त्यांच्यापुढे ठेवली. गजभिये ते पत्र दुसऱ्यांदा वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी गोविंदाला हाक मारली आणि वीस लिटरचा एक नवा कॅन आणि, तेवढं पाणी शंभराला पाचने जड करायला लागेल इतकं, दीड किलो मीठ आणून ठेवायला सांगितलं. मग देशकरांना म्हणाले, उद्या अकराला सगळ्यांना बोलवा. जयाबाईंना, आणि अमोललाही.

५

शुक्रवारी प्रयोगशाळेत खुर्च्या कमी पडल्या, म्हणून अमोल खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

गजभियेंनी भाषण केलं नाही. मंगळवारचं सगळं पुन्हा करायचं आहे, एवढंच ते म्हणाले. पोलादाचा तुकडा तोलला, बरोबर आला. तवंग आला. गोविंदाने टाकी रिकामी करून पुसली. मग गजभियेंनी सगळ्यांसमोर पिशवी फोडून दीड किलो मीठ कॅनमध्ये टाकलं आणि गोविंदाने कॅन आडवा करून पाच मिनिटं घोळवला. पाणी पुन्हा नितळ दिसायला लागलं. ते टाकीत ओतलं गेलं. भूमिकाने, आदल्या दिवशी धुऊन वाळवलेला सातवा दगड दोऱ्याला बांधून आत सोडला.

आकडे धावले, डुलले, थांबले. ३१२.

जयाबाई उठून काट्यापाशी आल्या. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मग बोट टाकीत बुडवून चाखलं. ट्रेमधले न धुतलेले दगडही त्यांनी तपासले. पाणी बदलल्यावर पोलादाचा तुकडा पुन्हा तोलायला हवा होता, ती चूक माझी, असं त्या सरळ म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, हे केलं कोणी?

"सतरा आणायचे होते," गजभिये म्हणाले. "म्हणजे ज्याले सतराची गरज होती, त्यानं. आधी मले वाटलं, देशकर सर. पण सरांनी महिनाभर आधीच लिहून दिलं, का सतरा चूक आहे. ज्यानं आपला आकडा सोताच मोडला, तो त्यासाठी पाण्यात मीठ कशाले टाकीन? आता ही चिठ्ठी सरांनी कोणाले सांगितली नव्हती. मीठ टाकणाऱ्याले वाटत होतं, सर अजून सतरालेच धरून आहेत, संशय आला तर त्यायच्यावरच येईन. असं समजणारा अन् भूमिकाचे आकडे हातात असणारा माणूस एकच उरते."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

अमोल कट्ट्यावरून उतरला. त्याच्या प्रबंधात तो लाव्हा किती वेगाने बाहेर पडला, याचं गणित होतं, आणि ते गणित पहिल्या पानापासून सतरा या आकड्यावर उभं होतं. भूमिकाचे तेरा खरे ठरले तर ते गणित आणि त्यावरची पदवी दोन्ही कोसळतील, हे त्याला तिचे तक्ते तपासताना एका संध्याकाळी कळलं होतं.

त्याने नाकबूल केलं नाही. मंगळवारी साडेनऊला आपण कॅनमध्ये मीठ टाकलं, असं तो म्हणाला. भूमिकाला खोटी ठरवतील असं त्याला वाटलं नव्हतं. पुन्हा मोजायला सांगतील, सहा महिने जातील, तोवर आपण कायम होऊ, एवढाच त्याचा हिशोब होता.

"तू माझे तक्ते तपासले तेव्हा एक चूक काढली होती," भूमिका म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती. "नवव्या दगडाची वजाबाकी. मी गावी फोन करून आईले सांगितलं होतं, का अमोलदादानं वाचवलं म्हणून."

 जयाबाईंनी अमोलपुढे कागद ठेवला आणि तो लिहायला बसला.

६

मग टाकी तीनदा धुतली. नवा कॅन आला तेव्हा गोविंदाने सगळ्यांत आधी एक घोट स्वतः पिऊन पाहिला आणि मान डोलावली. पोलादाचा तुकडा आधी एकदा तोलला, पाणी बदलून पुन्हा एकदा.

दगड सगळे धुऊन, पुसून, वाळवून घेतले. जयाबाईंनी भूमिकाचा प्रबंध बंद करून देशकरांच्या हातात दिला आणि आकडे आपण वाचू, तुम्ही जुळवा, असं सांगितलं. पहिला दगड जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्यात अर्ध्या ग्रॅमचा फरक आला, तो असतोच. पाचव्याला गोविंदा काट्यामागे येऊन उभा राहिला. सातव्याला जयाबाईंनी ३२२ असं जरा मोठ्याने म्हटलं. नवव्यानंतर खोलीत कोणी खुर्चीवर उरलं नव्हतं. भूमिका दोरा बांधत होती, सोडत होती, आणि तिच्या कपाळावर जानेवारीतही घाम होता.

बारावा दगड पाण्यात स्थिर झाला. जयाबाईंनी आकडा वाचला. देशकरांनी पानावर बोट ठेवलं.

"जुळला," ते म्हणाले. आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझं चुकलं होतं. तेरा."

अमोलची पदवी समितीपुढे गेली, नोकरी त्याने स्वतःच सोडली. मार्चमध्ये त्याने भूमिकाला लिहिलं, की तेरा धरून सगळं गणित पुन्हा मांडलंय, तपासून देशील का. तिने ते पत्र चार दिवस टेबलावर पडू दिलं. पाचव्या दिवशी दार लावून ती बसली आणि त्याच्या पहिल्या तक्त्यापासून, एकही ओळ न सोडता, तपासायला लागली.